पंधरा दिवसांपूर्वीचे मेल गेले कुठे?

वाचकांचे प्रश्न : ऑफिसातला कॉम्प्युटर

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. ऑफिसात २६ कॉम्प्युटर आहेत. मी मुळात अकाउंट्सची, पण कॉलेजात असताना कॉम्प्युटरचा कोर्स केला होता म्हणून मेलचं सगळं काम माझ्याच गळ्यात आलं. मेल बघायला सगळ्यांकडे थंडरबर्ड हा प्रोग्राम आहे. निर्यात विभागाचा एकच पत्ता चौघं वापरतात. दिवाळीपासून तिघांच्या इनबॉक्समधले दोन आठवड्यांपेक्षा जुने मेल नाहीसे होतायत. चौथ्याकडे मात्र सगळे आहेत. मी टेबलाटेबलाशी जाऊन सेटिंग तपासते, नीट करते, आणि आठ दिवसांत कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. मालक म्हणतात, सगळ्यांची सेटिंग एका जागेवरून करता येत असेल तर करून टाका. तसं करता येतं का? की त्याला मोठा सर्व्हर घ्यावा लागतो?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मेल सापडवू, मग सेटिंगकडे वळू.

तुमच्या पत्रातले ‘दोन आठवडे’ वाचले आणि मला बहुतेक उत्तर मिळालं. चौथ्या कॉम्प्युटरवर खातं पॉप पद्धतीनं उघडलेलं असणार, बाकी तिघांकडे आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि सगळे कॉम्प्युटर तेच बघतात. पॉप मात्र मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतं. थंडरबर्डमध्ये पॉपचं खातं उघडलं की ‘मेल १४ दिवस सर्व्हरवर ठेवा’ अशी खूण आधीपासूनच केलेली असते. मुदत संपली की तो कॉम्प्युटर सर्व्हरवरची प्रत काढून टाकतो आणि बाकी तिघांचा इनबॉक्स तेवढा रिकामा होतो. त्या चौथ्या माणसाला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की मी एकही मेल डिलीट केला नाही. त्याच्यावर विश्वास ठेवा, तो खरंच सांगतोय. ऑफिसात या गोष्टीवरून माणसांची तोंडं फिरलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे पहिल्यांदा सांगितलं.

आज एवढं करा. चौथ्या कॉम्प्युटरवरचं थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर, म्हणजे मेल आणि सेटिंग ज्यात साठतात तो, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ही प्रत झाल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नका. मग खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर ठेवा’ ही खूण राहू द्या आणि तिच्या खालची दिवसांची खूण काढा. गळती इथेच थांबेल. त्यानंतर त्याच थंडरबर्डमध्ये तोच पत्ता आयमॅप पद्धतीनं दुसऱ्यांदा जोडा, त्यात ‘जुने’ नावाचा फोल्डर करा आणि पॉपच्या इनबॉक्समधले मेल त्यात कॉपी करत जा. मूव्ह नको, कॉपीच. एका वेळी चारपाचशे मेल घ्या, आणि सुरू करण्याआधी सर्व्हरवर किती जागा उरली आहे ते बघा. सगळे मेल तिघांना दिसायला लागले, एकदोन दिवस नीट गेले, की मग पॉपचं खातं काढा.

आता तुमचा मूळ प्रश्न. होय, सगळी सेटिंग एका जागेवरून करता येतात आणि तुमच्या गरजेला मोठा सर्व्हर लागत नाही. पण ‘एक जागा’ म्हणजे कुठली, हे आधी नीट बघायला हवं, कारण तशा तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे मेल सर्व्हर. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की गल्लीत कुणाच्या नळाला किती, यावर बोलाचाली होते. चावीवाल्यानं रस्त्यावरचा कॉक फिरवला की सगळ्यांना एकदम कळतं. मेल सर्व्हर हा तुमचा तो कॉक. तुमच्या मेल सेवेचा अ‍ॅडमिन कोण आहे ते शोधा, बहुतेक वेळा त्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकांच्या नाहीतर वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या डायरीत असतो. आणि अ‍ॅडमिनच्या पानावरून पॉपच बंद करता येतं का ते बघा. चौथ्या कॉम्प्युटरचं काम उरकल्यावर पॉप सर्व्हरवरूनच बंद झालं, की २६ टेबलांवर जाऊन ते कुणी लावलंय का, हे बघण्याची गरजच उरत नाही. सर्व्हरवर जे ठरवता येतं ते टेबलावर ठरवू नका. माझ्या कामात मी हा क्रम कधी सोडत नाही.

दुसरी जागा, नवीन खातं उघडतानाची. थंडरबर्डमध्ये कुणी आपला पत्ता टाकला की ते त्या पत्त्याच्या डोमेनवर, म्हणजे @च्या पुढच्या नावावर, ‘ऑटोकॉन्फिग’ या नावाच्या जागी एक छोटी एक्सएमएल फाइल शोधतं. त्या फाइलीत तुमच्या सर्व्हरचं नाव, आयमॅपचा ९९३ पोर्ट, मेल पाठवण्याचा ४६५ पोर्ट एवढं लिहून ठेवलं की नवीन माणसाला नाव, पत्ता आणि पासवर्ड यापलीकडे काही भरावं लागत नाही. पॉप की आयमॅप, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. तुमच्या चौथ्या टेबलावर जे झालं ते इथेच झालं. कुणीतरी घाईत दोन पर्यायांतला एक निवडला, आणि कुठला निवडायचा हे त्याला सांगायला तिथं कुणी नव्हतं.

तिसरी जागा म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरवरचं थंडरबर्ड. २०१९च्या ६८व्या आवृत्तीपासून त्यात ‘पॉलिसी’ची सोय आली. थंडरबर्ड ज्या फोल्डरमध्ये बसवलंय त्यात ‘डिस्ट्रिब्युशन’ नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात ‘पॉलिसीज डॉट जेसन’ नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची. थंडरबर्ड सुरू होताना ती वाचतं आणि तिच्यात लिहिलंय तसं वागतं. बाहेरची एक्सटेन्शन, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्राम, बसवता येणार नाहीत, अपडेट बंद करता येणार नाहीत, अमुक सेटिंग बदलता येणार नाही, असं सगळं त्यात लिहिता येतं. पासवर्ड मात्र तिच्यात कधीही लिहू नका, ती फाइल कॉम्प्युटरवर बसणारा कुणीही उघडून वाचू शकतो.

माझे वडील अशोक चौकात चादरीच्या जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, पुठ्ठे पंच करायचे. मागावर बसलेला विणकर कितीही हुशार असला तरी मोर किंवा कमळ त्याच्या हातून विणलं जात नसे, ते पुठ्ठ्यांच्या माळेत आधीच ठरलेलं असे. एक भोक चुकलं की त्या माळेवरच्या प्रत्येक चादरीत तीच चूक, त्याच जागी. म्हणून वडील नवी माळ पहिल्यांदा एकाच मागावर चढवायचे, हातभर विणून बघायचे, आणि मगच बाकीच्या मागांना द्यायचे. मी २२ वर्षं ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतेय, आणि पॉलिसीची फाइल हातात घेतली की मला ती माळच आठवते. फाइलीत एक स्वल्पविराम राहिला की पूर्ण फाइल बाद होते. स्क्रीनवर इशारा येत नाही, थंडरबर्ड नेहमीसारखं सुरू होतं, फक्त तुमचं एकही कुलूप लागलेलं नसतं. हेल्पमधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर ‘एंटरप्राइझ पॉलिसीज’ अशी ओळ आहे, तिथे जाऊन पॉलिसी खरंच लागू झालीय का ते बघा. दोन कॉम्प्युटरवर आठवडाभर चालवा. कंटेनर निघायचा असेल त्या आठवड्यात तर अजिबात नको. मी मोठे बदल गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत करते, ऑफिस निम्मं रिकामं असतं आणि फोनही कमी वाजतात.

ही फाइल २६ ठिकाणी पोचवायची कशी? एका कॉम्प्युटरवर सगळ्यांना फक्त वाचता येईल असा शेअर फोल्डर करा, त्यात मूळ फाइल ठेवा, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावा : मशीन सुरू झालं की तिथून फाइल कॉपी कर. हे काम लावायला एकदाच सगळ्या टेबलांवर जावं लागेल. पुढच्या वेळी मूळ फाइल बदललीत की मशीन परत सुरू झाल्यावर नवी फाइल आपोआप पोचेल.

तुम्हाला कुणीतरी ‘डोमेन करून घ्या, ग्रुप पॉलिसी लावा’ असं सांगेल. हे डोमेन मेलच्या पत्त्यातलं नव्हे. सगळे विंडोज कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडायचे म्हणजे डोमेन, आणि त्या सर्व्हरवरून सगळ्यांना सेटिंग द्यायची म्हणजे ग्रुप पॉलिसी. पद्धत उत्तम आहे. विंडोज २०००पासून आहे, आणि थंडरबर्ड, आउटलुक, झूम या सगळ्यांसाठी तिचे तयार नमुने मिळतात. सर्व्हरवर बदल केलात की प्रत्येक कॉम्प्युटर साधारण ९० मिनिटांनी तो उचलतो. त्यात वर अर्ध्या तासापर्यंतचा जादा वेळ मुद्दाम ठेवलाय, प्रत्येक मशीनला वेगळा, सगळ्या मशीननी एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडू नये म्हणून. त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तर परत परत सेटिंग ढवळू नका, थांबा. पण त्याला सर्व्हर लागतो, विंडोज सर्व्हरचं लायसन्स लागतं, आणि माणशी किंवा मशीनमागे वेगळं लायसन्स लागतं. सांबा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१२च्या डिसेंबरपासून, ते डोमेनचं काम करू शकतं, पण ते सांभाळणारा माणूस सोलापुरात रोज हाताशी मिळेलच असं नाही. नुसत्या मेलच्या सेटिंगसाठी डोमेन घेऊ नका, असंच मी सांगेन. लॉगिन, सामाईक फाइली, पेन ड्राइव्हची बंदी असं सगळंच एकत्र करायचं ठरलं तर जरूर घ्या. आणि घेण्याआधी मशीन मोजा. होम आवृत्तीचं विंडोज डोमेनला जोडता येत नाही, आणि दुकानातून सुटे घेतलेले लॅपटॉप बहुधा होमचेच असतात.

शेवटचं, एक दोनशे पानी वही घाला. तारीख, कुठलं सेटिंग, का बदललं, कुणी सांगितलं, एवढंच. दोन वर्षांनी कुणीतरी विचारेल की हे का बंद आहे, आणि तोपर्यंत तुम्ही तिथं नसालही. त्या वहीवर तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाचं काम सुरू होईल.

प्रश्न : आमची पतसंस्था लहान आहे, ५ कॉम्प्युटर, सगळे विंडोज होम. वर सांगितलंय त्यातलं आम्हाला काही उपयोगी आहे का?
— सचिव, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : आहे. पॉलिसीची फाइल होम आवृत्तीवरही चालते. पेन ड्राइव्हनं पाचही ठिकाणी टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. सोबत रोजचं लॉगिन अ‍ॅडमिनचं ठेवू नका, साध्या युजरचं करा, म्हणजे ती फाइल सहजासहजी कुणाच्या हातून बदलली जाणार नाही. आणि मशीनवर अजून विंडोज १० असेल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. आधी त्याचं बघा.

प्रश्न : चाटी गल्लीत आमचं कापडाचं दुकान आहे. सुताच्या व्यापाऱ्याच्या नावानं ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला, आमच्या मुलानं पैसे पाठवले, नंतर कळलं की मेल खोटा होता. पण त्यात आमच्या बिलाचा नेमका नंबर आणि रक्कम होती. मेलचा पासवर्ड लगेच बदलला. तरी आमचे मेल अजून बाहेर कुणी वाचतंय अशी शंका आहे.
— एक व्यापारी, सोलापूर

उत्तर : तुमची शंका मी खरी धरते. बिलाचा नंबर ज्याला माहीत होता त्यानं तुमचे मेल आधी वाचलेले आहेत, तुमच्या मेलच्या पेटीतून नाहीतर त्या व्यापाऱ्याच्या. दोघांनीही तपासायला हवं.

ब्राउझरमधून मेल उघडा आणि सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ किंवा ‘रूल्स’ बघा. पेटीत शिरलेला माणूस पुष्कळदा असा नियम करून जातो की ‘बिल’, ‘पेमेंट’ हे शब्द असलेला प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर पाठव. हा नियम सर्व्हरवर बसलेला असतो, त्यामुळे पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो. ओळखीचा नसलेला प्रत्येक नियम काढा, पण आधी त्याचा फोटो घ्या, तक्रारीत लागेल. मग ‘सगळीकडून लॉग आउट’ करा, जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द करा, दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं करा. तुमची सेवा गूगल वर्कस्पेससारखी असेल तर अ‍ॅडमिनच्या पानावरून सगळ्या पेट्यांचं आपोआप फॉरवर्डिंग एकदम बंद करता येतं. ते आजच बंद करा, दुकानात कुणाला त्याची गरज असेल असं मला वाटत नाही.

आणि अजून तक्रार केली नसेल तर हे वाचणं थांबवून १९३० या नंबरवर फोन लावा. पैशाच्या सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडण्याची शक्यता जास्त. सोलापूरकरांना हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही, इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं साल तेच आहे. मुलाला बोलू नका. खातं बदलल्याचा मेल आला की त्या व्यापाऱ्याच्या आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही, एवढं दुकानात ठरवून टाका.

दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅपही बघा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये कुठले कॉम्प्युटर जोडलेत ते दिसतं. सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप महिनोन् महिने उघडं राहिलेलं मी बघितलंय.

प्रश्न : मी एका खाजगी ऑफिसात क्लार्क आहे. गेल्या महिन्यात आमच्या मेलची बरीच सेटिंग बंद केली, करड्या रंगाची दिसतात, दाबली जात नाहीत. साहेब माझे मेल वाचतात का? आणि काही सेटिंग परत मागितली तर वाईट दिसेल का? निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : काका, करडं झालेलं सेटिंग म्हणजे मेल वाचणं नव्हे. त्या कुलपातून कुणालाही तुमचा मजकूर दिसत नाही. थंडरबर्ड असेल तर पहिल्या उत्तरातलं ‘ट्रबलशूटिंग’चं पान तुम्हीही उघडू शकता, काय काय लावलंय ते तिथे दिसतं. पण हेही सांगायला हवं की ऑफिसचा पत्ता ऑफिसच्या सर्व्हरवर असतो आणि तिथल्या अ‍ॅडमिनला ती पेटी उघडता येते, सेटिंग बंद असोत की चालू. घरचं, दवाखान्याचं, बँकेचं त्या पत्त्यावर ठेवू नका.

दुसऱ्या प्रश्नासाठी मला माझं एक काम सांगावं लागेल. काही वर्षांपूर्वी एका ऑफिसात मी ४० कॉम्प्युटरची सेटिंग एका फाइलीतून लावली. ती जुनी पद्धत, पॉलिसी यायच्या आधीची. तिच्यात दोन शब्द असतात : ‘डिफॉल्टप्रेफ’ म्हणजे सुरुवातीला असं ठेव, हवं तर माणूस बदलेल, आणि ‘लॉकप्रेफ’ म्हणजे असंच ठेव, कुणी बदलू शकणार नाही. सगळ्यांचं एकसारखं दिसावं म्हणून मी अक्षरांचा आकारही लॉकप्रेफमध्ये घातला. मला ते नीटनेटकं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी गेले तर आवक-जावक बघणारे एक काका, वय ५८ असेल, स्क्रीनला नाक लागेल इतके पुढे वाकून मेल वाचत होते. शेजारी वहीत मोठ्या अक्षरात आदल्या दिवशीचे मेल हातानं उतरवून घेतलेले. त्यांनी आधी अक्षरं मोठी करून घेतली होती, माझ्या फाइलीनं ती लहान केली, आणि परत मोठी करायला गेल्यावर ते खोकं करडं. मी विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, ‘वरून आलंय म्हणले, मग काय विचारायचं की मॅडम.’ तीन आठवडे ते संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालून घरी जात होते.

मी तिथेच उभ्या उभ्या फाइल उघडली आणि लॉकप्रेफच्या जागी डिफॉल्टप्रेफ केलं. थंडरबर्ड बंद करून परत उघडलं. काकांनी स्वतःच अक्षरं मोठी केली आणि खुर्ची मागे घेतली.

तेव्हापासून मी कुलूप चारच गोष्टींना लावते : सर्व्हर आणि त्याचं सुरक्षित कनेक्शन, अपडेट, बाहेरची एक्सटेन्शन, आणि पेटीतून बाहेर आपोआप जाणारे मेल. अक्षर, रंग, खिडक्यांची मांडणी, सही, आवाज, मेल कुठल्या क्रमानं लावायचे, हे त्या टेबलावर बसणाऱ्याचं आहे. आणि फाइल लावायच्या आधी मी प्रत्येक विभागातल्या एका माणसाशेजारी तासभर बसते, काही न बोलता, तो दिवसभरात काय काय दाबतो ते बघत.

तेव्हा मागा, काका, वाईट काही दिसत नाही. कुठलं सेटिंग, त्यावाचून काय अडतं, हे दोन ओळीत लिहून तुमच्या कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाला द्या. डोळ्यांचं असेल तर डोळ्यांचं म्हणूनच लिहा. त्याला फाइलीत एक शब्द बदलायचा आहे. तो शब्द कुठला हे त्याला माहीत नसेल तर हे पान दाखवा.